पिल्लू कोणाच्या हाती द्यावे?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मानेवाड्यात राहते. रस्त्यावर जखमी किंवा बेवारस सापडलेली कुत्र्याची पिल्ले घरी आणायची, बरी करायची आणि चांगल्या घरी द्यायची, हे काम मी आणि माझ्या दोन मैत्रिणी करतो. आमची नोंदणीकृत संस्था नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दत्तक दिलेला एक कुत्रा बेसा रस्त्यावरील एका बांधकामावर, पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेला आढळला. ज्यांनी तो नेला होता त्यांनी तो परस्पर ठेकेदाराला देऊन टाकला होता. आम्ही त्याला परत आणले, पण तेव्हापासून माझा माणसांवरचा विश्वास उडाला आहे. मी चाळीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला. स्वतःचे घर, पगाराची पावती, आधार कार्ड, घरातल्या सर्वांचे फोटो असे सगळे मी मागते. आता लोक फॉर्म पाहूनच परत जातात. घर भाड्याचे म्हणून एका ऑटोचालकाच्या कुटुंबाला आणि वय जास्त म्हणून एका निवृत्त शिक्षिकेला आम्ही नकार दिला. सध्या घरात सात पिल्ले आहेत. त्यातल्या पाच माद्या, आणि त्यांना कोणी विचारत नाही. यजमान वैतागले आहेत. त्यात काटोलकडचा माझा मावसभाऊ संत्र्याच्या बागेच्या राखणीसाठी दोन पिल्ले मागतो आहे. नाही म्हटले तर मावशी दुखावेल. माणूस पारखायचा तरी कसा?

एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर

तुमच्या रागाचे कारण रास्त आहे, पण तो राग ज्या फॉर्मात उतरला आहे तो फॉर्म चुकीच्या माणसांना अडवतो आहे. ज्यांनी तुमचा कुत्रा ठेकेदाराला दिला ते तुमच्या नव्या फॉर्मात बहुधा उत्तीर्ण झाले असते. स्वतःचे घर, नियमित पगार आणि आधार कार्ड या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे असण्याची शक्यता दाट आहे. बँकेच्या कर्जाच्या अर्जासारखा हा कागद माणसाची ऐपत सांगतो, पण दुपारी दोन वाजता कुत्र्याच्या भांड्यात पाणी आहे की नाही हे कोण पाहील, ते सांगत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत घरातल्या माणसांबरोबर झोपणारा कुत्रा आणि मोठ्या बंगल्याच्या फाटकाशी अहोरात्र बांधलेला कुत्रा यांतला कोणता सुखी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून पगाराची पावती आणि कुटुंबाचे फोटो मागणे आजच थांबवा. नाव, पत्ता, दोन फोन क्रमांक आणि ओळखपत्राची एक पाहणी एवढे पुरेसे आहे. लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती आपल्या मोबाइलमध्ये साठवून ठेवणे आणि त्या मैत्रिणींच्या गटात फिरवणे योग्यही नाही.

त्यानंतर प्रश्न बदला. तुमच्या फॉर्मातले बहुतेक प्रश्न 'घ्याल का', 'कराल का', 'द्याल का' अशा धाटणीचे असणार, आणि त्यांना 'हो' याशिवाय दुसरे उत्तर कोणी देत नाही. भविष्याबद्दल विचारू नये, झालेल्या गोष्टीबद्दल विचारावे. याआधी घरात कुत्रा होता का, असल्यास तो आता कुठे आहे, हा एक प्रश्न तुमच्या चाळिसांपैकी तिसांचे काम करतो, फक्त तो विचारून गप्प बसता आले पाहिजे. 'पळून गेला', 'गावाकडे पाठवला', 'चावायला लागला म्हणून सोडून आलो', 'कशाने गेला कोण जाणे', अशी उत्तरे आपोआप बाहेर येतात. याउलट एखादा माणूस सांगतो की अकरा वर्षे होता, शेवटी किडनी गेली, अमुक डॉक्टरांकडे सलाइन लावायला नेत होतो. अशा माणसाची पुढची चौकशी थोडक्यात आटोपली तरी चालते. डॉक्टरांचे नाव मात्र विचारावे आणि त्या माणसाच्या संमतीने त्यांना फोनही करावा. शहरात ज्यांनी कुत्रा नीट सांभाळला आहे, त्यांचा एक तरी पशुवैद्य ठरलेला असतो. नाहीतर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात त्यांनी कधी ना कधी रांग लावलेली असते.

येथे एक बाब ध्यानात ठेवा. आधीचे पिल्लू पार्व्होने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने, गेले असे कोणी प्रामाणिकपणे सांगितले, तर तो त्या माणसाचा दोष समजू नका. पण त्या घरी लस पूर्ण न झालेले पिल्लू देऊ नका. हा विषाणू अंगणात, फरशीच्या सांध्यांत, जुन्या गोणपाटात कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने जात नाही. अशा घराला लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा द्यावा.

नागपूरकरांसाठी दुसरा प्रश्न मी अगदी सक्तीचा मानते: मे महिन्यात दुपारी कुत्रा कुठे असेल? इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग आहे, आणि भोवतालची हवाच तापलेली असली की तोही पुरत नाही. 'गच्चीवर शेड आहे', 'पोर्चमध्ये सावली असते', 'गॅरेज मोकळेच आहे' ही उत्तरे देणारी माणसे दुष्ट नसतात, त्यांनी विचार केलेला नसतो. त्यांना एप्रिलच्या एखाद्या दुपारी त्या पत्र्याखाली दहा मिनिटे उभे राहायला सांगा. ज्या घरात लगेच उत्तर येते की कूलरच्या खोलीतच राहील, अजून कुठे राहणार, तिथे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे फिरवायला नेण्याची वेळ, कारण डांबराच्या तापलेल्या रस्त्यावर पंजे भाजतात. उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री उशिरा बाहेर पडण्याची तयारी घरात नेमकी कोणाची आहे, हे नावानिशी विचारावे.

आता घरभेटीबद्दल. घर पाहिल्याशिवाय पिल्लू देऊ नये, मग समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो. मात्र ही भेट तपासणी पथकासारखी नसावी. तुम्हीच पिल्लाला घेऊन त्यांच्या घरी जा, चहा घ्या, तासभर बसा. फाटकाखालची फट, गच्चीच्या कठड्याची उंची, जिन्याचे दार या गोष्टी बसल्या जागेवरून दिसतात. खरे पाहायचे असते ते माणसांकडे. दृश्य बहुधा असे असते: मुलगा पिल्लाला उचलू पाहतो, वडील सोफ्यावर बसून तुमच्या प्रत्येक प्रश्नाचे भरघोस उत्तर देतात, आजी पाय वर घेऊन बसतात आणि मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पदराला पुसत उभी राहते, एक शब्द बोलत नाही. शू पुसायची, दूध-पोळी कुस्करून घालायची, शाळा आणि ऑफिस सुटेपर्यंत त्या जिवाबरोबर घरात एकटीने राहायचे, हे सगळे तिच्या वाट्याला येणार असते. पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जा आणि 'ताई, तुम्हाला हवा आहे का?' एवढे तिला एकटीला विचारा. तिने खांदे उडवले किंवा 'यांचीच हौस आहे' असे म्हटले, तर पिल्लू त्या दिवशी परत आणा. घरातल्या एका माणसाचा ठाम विरोध असताना दिलेला कुत्रा टिकत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आजींच्या भीतीचे मात्र वेगळे असते. भीती पुष्कळदा जाते, नावड सहसा जात नाही.

भाडेकरूंना सरसकट नकार देण्याचे कारण नाही. घरमालकाची लेखी संमती मागा, किंवा त्यांच्याशी तुम्ही स्वतः दोन शब्द बोला, आणि घर बदलावे लागले तर कुत्रा बरोबर जाईल का हे विचारा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सोसायटी अडवते अशी तक्रार वारंवार येते. त्याबाबत भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तरीही वरच्या मजल्यावरच्यांशी रोज भांडण करायची ताकद त्या कुटुंबात आहे की नाही, याचा अंदाज घ्यावा, कारण सूचनांची प्रत दाखवून शेजार सुधारतोच असे नाही. शिक्षणासाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना मात्र मी पिल्लू देत नाही. त्यांचे प्रेम खरे असते, पण परीक्षा, सुट्ट्या आणि पुढची नोकरी कुठे लागेल हे त्यांनाही ठाऊक नसते. त्यांना तुमच्याकडे रविवारी मदतीला बोलवा. तुम्हाला हातांची गरज आहेच.

पाच माद्यांचा प्रश्न हा तुमच्या पत्रातला सर्वांत अवघड भाग आहे. 'मॅडम, मेल आहे का?' हे वाक्य या कामातल्या प्रत्येकाने शेकडो वेळा ऐकले असेल. त्यामागे काही अंशी तीच जुनी सवय आहे जी आपण माणसांच्या घरातही पाहतो, पण काही अंशी खरी अडचण आहे: साधारण दर सहा महिन्यांनी मादी माजावर येते, फाटकाबाहेर कुत्र्यांची गर्दी जमते, आणि एक दिवस दार उघडे राहिले की दोन महिन्यांनी घरात सहा पिल्ले. या अडचणीला उपदेश हे उत्तर नाही, नसबंदी हे आहे. ज्या माद्या सहा महिन्यांच्या आसपास आल्या आहेत, त्यांची नसबंदी देण्यापूर्वीच करून घ्या आणि जाहिरातीत पहिल्याच ओळीत तसे लिहा. लहान असतील त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची तारीख, दवाखाना आणि खर्च कोण करणार हे देतानाच ठरवून टाका. मादीला नसबंदीनंतर पिल्ले होणार नाहीत हे समजावल्यावर विचार बदलणारी कुटुंबे असतात आणि ती बहुधा चांगली निघतात, कारण त्यांनी ऐकून घेतलेले असते.

याउलट, नसबंदी करू नका असा आग्रह धरणारा, नर-मादीची जोडीच हवी म्हणणारा, किंवा तुमच्याकडे कधी टाकून दिलेला लॅब्रॅडॉर आला की फक्त त्याचीच चौकशी करणारा माणूस आला, तर सावध व्हा. घरगुती पैदास करून पिल्ले विकणाऱ्यांची ही भाषा आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत, त्यांत पैदास करणाऱ्याने नोंदणी करणे सक्तीचे आहे आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. तुम्ही विक्रेत्या नाही, तरी वयाची ती मर्यादा तुम्हीही पाळावी. 'अजून छोटं असताना द्या, लळा लागतो' असे म्हणून महिन्याचे पिल्लू मागणाऱ्यांना दोन महिने थांबता येत नसेल तर बारा-चौदा वर्षे ते काय सांभाळणार? तोवर पहिली लसही होते. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणारे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत चालतात आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस येते. उरलेले डोस देण्याची जबाबदारी नेणाऱ्याची, असे लसीच्या कार्डासह बजावून सांगावे. दत्तक देताना पैसे घ्यावेत की नाहीत यावर मतभेद आहेत. माझे मत असे की रक्कम हातात घेऊ नये, पण पुढचा डोस तुमच्यासमोर, त्यांच्या खर्चाने व्हावा. पहिल्याच सुईच्या पैशांवरून घासाघीस करणारा माणूस तिथेच कळतो.

मावसभावाचे पाहू. शेतातला कुत्रा म्हणजे दुर्दशाच, असे मी मानत नाही. वावरात मोकळा फिरणारा, रात्री माणसांच्या खाटेशेजारी झोपणारा कुत्रा शहरातल्या कित्येक कुत्र्यांपेक्षा मजेत असतो. तेव्हा भावाला एवढेच विचारा की बागेत रात्री कोण मुक्काम करते. तिथे सालदाराचे कुटुंब राहत असेल आणि कुत्रा त्यांना हवा असेल, तर भावाकडे न जाता त्या कुटुंबाकडे जाऊन बोला. दत्तक घेणारे खरे तेच आहेत. भाऊ रविवारी गाडीने जाऊन येतो, मधल्या दिवसांत कोणीतरी भाकर टाकते आणि कुत्रा खांबाला बांधलेला असतो, असे चित्र असेल तर नकार द्या. आपल्या भागात बागांच्या आसपास बिबट्याचा वावर असतो आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. एवढ्याशा पिल्लांकडून राखणीची अपेक्षा करणेही व्यर्थ आहे. त्यांचीच राखण वर्षभर कोणाला तरी करावी लागेल. मावशी दुखावेल हे खरे. त्यासाठी नियम तुमच्या एकटीचा ठेवू नका: प्रत्येक पिल्लाच्या कागदावर तुमच्या तिघींपैकी किमान दोघींची सही लागेल, आणि घरभेट तिसरी मैत्रीण करेल, असे ठरवा. मग नाही म्हणणारी भाची उरत नाही.

दिलेला कुत्रा पुढे कोणी बांधून ठेवला किंवा सोडून दिला तर कायदा काही करील, या भरवशावर मात्र राहू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, कायम साखळीत किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे आणि कुत्र्याला सोडून देणे या दोन्ही गोष्टी गुन्हा आहेत. पण पहिल्यांदा गुन्हा केल्यास दंड दहा ते पन्नास रुपये आहे. त्या बांधकामावरच्या कुत्र्यासाठी तुम्ही ठाण्यात गेला असता तर हाती काय लागले असते, हे यावरून समजावे. कुत्र्याला जे काही संरक्षण मिळते ते तुम्ही देताना केलेल्या निवडीत आहे.

करारपत्र तरीही करावे, एका पानाचे. नसबंदी आणि लसी, कायम बांधून न ठेवणे, परस्पर दुसऱ्याला न देणे, नको झाल्यास तुमच्याकडेच परत आणणे आणि तुम्हाला भेटीला येऊ देणे, एवढ्या पाच गोष्टी त्यात पुरेत. तो कागद न्यायालयात किती टिकेल याची चिंता करू नका. सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवा आणि 'परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही' या ओळीवर समोरच्याचा चेहरा पाहा.

देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने फोन आणि पंधरा दिवसांनी भेट, असा क्रम ठेवा. पहिले पंधरा दिवस सरळ चाचणीचे म्हणून जाहीर करा. नवीन घरात पिल्लू रात्री रडते, कधी पलंगाखाली दडून बसते, मोठा कुत्रा एखादा दिवस खातही नाही. हे आधी सांगितले नसेल तर लोक घाबरून 'हा आजारीच दिला' असे समजतात. फोटो मागताना नुसत्या तोंडाचा मागू नका, तो जिथे झोपतो ती जागा दिसेल असा मागा. परत आणणाऱ्याला बोल लावू नका, ही विनंती मी विशेष करून करते, कारण तुमच्या पत्राचा सूर पाहता ते तुम्हाला जड जाईल. ज्याला परत आणताना चार शब्द ऐकावे लागतील अशी धास्ती असते, तो कुत्रा तुमच्या दारात आणत नाही. तो रात्री अंबाझरीच्या बाजूला किंवा एखाद्या हायवेच्या ढाब्यापाशी सोडून येतो.

अलीकडे एक नवीन प्रकारचे लोक तुमच्याकडे येत असतील. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल तर त्यांना दत्तक घ्यावे, असा आदेश दिला तेव्हा अनेकांनी घाईघाईने गल्लीतले कुत्रे घरात घेतले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे भटक्या कुत्र्यांविषयीचे आदेश आले तेव्हाही तीच धावपळ झाली. कुत्र्याला उचलून नेतील या भीतीने दत्तक घेणारा माणूस दयाळू असतो, पण भीती ओसरल्यावर त्याच्याकडे कुत्रा उरतो. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलेली आहे. एवढे वाक्य अशा लोकांना सांगून आठवडाभर विचार करायला वेळ द्या. आणि जो मोठा, धडधाकट कुत्रा उपचारानंतर घरात रमत नाही, त्याच्यासाठी घर शोधण्याचा अट्टहास सोडा. नसबंदी आणि रेबीजची लस झालेला कुत्रा त्याच्या मूळ जागी परत सोडावा, हेच २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. अपवाद रेबीजची लक्षणे असलेल्या किंवा हिंसक कुत्र्यांचा, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांसारख्या आवारांतून उचललेल्या कुत्र्यांचाही.

शेवटी तुमच्या हातातली कामे. ऑटोचालकांच्या कुटुंबाला या आठवड्यात फोन करा, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करा आणि घरमालकांशी बोलून घरभेट ठरवा. शिक्षिकाबाईंना पिल्लू नको, पण चार-पाच वर्षांची शांत, नसबंदी झालेली मादी त्यांना शोभेल. त्यांच्या आजारपणात किंवा नंतर तिला कोण पाहील, त्या पुतण्याचे वा शेजारणीचे नाव आणि सही करारपत्रावर आधीच घ्या. बांधकामावरून आणलेला कुत्रा अजून तुमच्याकडेच असेल, तर त्याला पिल्लांच्या गर्दीत ठेवू नका, तिघींपैकी ज्यांच्या घरी शांतता आहे तिथे हलवा. यजमानांचे म्हणणेही ऐका. एका वेळी घरात किती पिल्ले, याचा आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि तो भरला की नवीन पिल्लासाठी मैत्रिणींना फोन करा, कारण सात पिल्ले घरात ओरडत असताना पिल्लू मागायला दारात आलेल्या माणसाला, तो कसाही असो, नाही म्हणणे कोणालाच जमत नाही.